चाकांवरच्या पराती

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी मुंबईच्या एका वर्तमानपत्रात नुकताच लागलो होतो आणि डोंबिवलीत मामांकडे राहत होतो. मामा कंत्राटदार होते. लढाईच्या काळात त्यांनी कल्याणच्या लष्करी छावणीला विटा पुरवल्या. लढाई संपली, सैनिक गेले, त्यांच्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली आणि लष्कराचं उरलंसुरलं सामान लिलावात निघालं. लोकांनी ताडपत्र्या घेतल्या, बूट घेतले, लोखंडी खाटा घेतल्या. मामांनी एक ट्रक घेतला. ट्रकचं काय करणार, असं मामींनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घर."

पहिली काही वर्षं तो ट्रक परसातल्या चिंचेखाली उभा राहिला. घर म्हणून त्याचा वापर कोंबड्यांनी मामांच्या आधी सुरू केला. मग एका पावसाळ्यानंतर मामांनी तो कल्याणला टांगे बांधणाऱ्या एका सुताराकडे नेला. सुतारानं त्यावर लाकडी खोली चढवली. आत दोन फळ्यांचे पलंग, मिटणारं टेबल, स्टोव्हसाठी पत्रा मारलेला कोनाडा, टपावर पाण्याची टाकी आणि देव ठेवायला एक फळी. खिडक्यांना पडदे. बाहेरून पिस्त्याचा रंग. मामा तिला घरगाडी म्हणत. या घरगाडीतून काशीपासून रामेश्वरापर्यंत जायचा त्यांचा बेत होता. प्रत्यक्षात ती कल्याणच्या सुताराकडून डोंबिवलीच्या चिंचेखाली आली आणि रामेश्वराची वाट पाहत थांबली.

तिच्यात एक उणीव आहे, असं मामांना त्यानंतर कळलं. मुंबईत फोर्टात त्यांनी कुठल्याशा संस्थानिकाची मोटार पाहिली. तिच्या चाकांवर आरशासारख्या चकचकीत ताटल्या बसवल्या होत्या. संस्थान विलीन झालं होतं. ताटल्या शाबूत होत्या. मामा घरी आले ते त्या ताटल्यांचं वर्णन करतच. तशा विकत घेण्याची कल्पना त्यांनी बाजूला सारली, कारण विकत घेतलेली वस्तू कुणाकडेही असू शकते. ते कल्याणच्या एका तांबटाकडे गेले. तांबटानं आयुष्यात मोटारीचं काम केलं नव्हतं. मामांनी चाकाचं माप दिलं, त्यानं परातीचं माप घेतलं. मधोमध कमळ ठोकायचं ठरलं. मामांनी अट एकच घातली: चालत्या गाडीतून ती पडता कामा नये. तांबटानं परातीची कड आत वळवून अशी काही आवळली, की ही अट त्यानं गरजेपेक्षा जास्त पाळली. परात चढवायला त्याला लाकडी मोगरी लागली. उतरवायला काय लागेल, हे त्याला कुणी विचारलं नाही.

हे सगळं हौसेचं काम होतं, आणि हौसेच्या कामाला वेळेचं बंधन नसतं. या कामाला होतं. मामांची एकुलती मुलगी, माझी मामेबहीण, ठाण्याला नौपाड्यात दिली होती. तिला दिवस गेले होते. जावई रेल्वेच्या कामावर भुसावळकडे होते. या हकिकतीत त्यांचा एवढाच भाग आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. मामींच्या बाबतीत ती मोडली होती. त्यांचं माहेर लांब, प्रवास अवघड, म्हणून त्यांचं पहिलं बाळंतपण सासरी झालं. ते मूल राहिलं नाही. त्या दिवसांबद्दल मामी कधी सविस्तर बोलल्या नाहीत. एवढंच म्हणत, "पाठीवरून हात फिरवायला आपलं माणूस नव्हतं." आपल्या मुलीच्या पाठीवरून आपण हात फिरवायचा, याखेरीज त्या वर्षी त्यांनी देवाकडे काही मागितलं असेल असं मला वाटत नाही.

विहीणबाईंचं मत वेगळं होतं. "ठाण्यात दवाखाना आहे, डॉक्टर आहेत. डोंबिवलीत काय आहे? डास." यावर मामांनी घरगाडीचं अस्त्र काढलं. मुलगी हादरत, गर्दीत, टांग्यात बसून येणार नाही. पलंगावर झोपून, पडदे लावून येईल. व्याह्यांना हे पटलं. त्यांनी ते आळीत सांगितलंही. सांगितल्यावर मागे घेणं त्यांनाही अवघड झालं आणि मामांनाही.

मग मामी रोज विचारू लागल्या, "अहो, कधी निघायचं?" मामा रोज सांगू लागले, "पराती येऊ देत." परातींशिवाय व्याह्यांच्या दारात गाडी नेणं म्हणजे त्यांच्या लेखी पागोट्याशिवाय लग्नाला जाणं होतं. पाचवा महिना गेला. सहावा गेला. तांबटाकडे नवरात्राची गिऱ्हाइकं होती. सातवा सरत आला. आठव्या महिन्यात मुलीला हलवत नाहीत. सातव्यात आणायची, नाहीतर थेट नवव्यात. आणि विहीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की नवव्यात त्या सुनेला गाडीत चढवण्याचा धोका पत्करणार नाहीत. जोशीबुवांनी पंचांग पाहिलं. आठवा दसऱ्याला लागत होता. उरली खंडेनवमी. नवमी ही रिक्ता तिथी, प्रवासाला वर्ज्य. पण अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत पराती यायच्या नव्हत्या, हे मामांनी सांगितल्यावर जोशीबुवांना नवमीच्या दुपारी एक चांगला मुहूर्त सापडला.

पराती खरोखरच अष्टमीच्या संध्याकाळी आल्या. तांबट स्वतः आला, मोगरीनं ठोकून चारी चाकांवर चढवून गेला. त्याच दिवशी सकाळी ड्रायव्हरनं चाकं काढून टायर पाहून पुन्हा बसवली होती. हा ड्रायव्हर मानपाड्याचा. लढाईत त्यानं छावणीच्या लॉऱ्या हाकल्या होत्या आणि तेव्हापासून तो कुठल्याही वाहनाबद्दल माणसासारखं बोलत असे.

खंडेनवमीला सकाळी पूजा झाली. त्या दिवशी आमच्या छापखान्यातही यंत्रांना हार घातलेले असत, म्हणून मला सुटी होती. ओटीवर पाट मांडले होते. त्यावर हातोड्या, थाप्या, ओळंबा, पहार, कुदळ, कोयता, गाडीचा जॅक, पाने, उचकटायचा लोखंडी टॉमी आणि मामींची विळी अशी घरातली सगळी हत्यारं हळदकुंकू लावून, झेंडू वाहून ठेवली होती. भाजी आदल्या दिवशीच चिरून झाली होती. माझा टाकही मामींनी पाटावर ठेवला होता. त्याला हत्यार समजणारी ती घरातली एकमेव व्यक्ती. एकदा पूजेत बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हे सांगायची कुणाला गरज नव्हती.

दुपारी मुहूर्तावर गाडी निघाली. पुढं झेंडूचा हार, चाकांवर चार पितळी कमळं, चाकाखाली लिंबू. मामा ड्रायव्हरशेजारी, मामी आणि मी मागं घरात. गाडी फाटकाबाहेर पडली आणि उजव्या पुढच्या चाकातून आवाज आला. खडखड म्हणावी तर तशी नाही. कुणी आतून दार वाजवावं तसा.

ड्रायव्हरनं गाडी थांबवली. "शेट, चाक बोलतंय."

"काय बोलतंय?"

"नट ढिले हायेत बोलतंय."

"काल तूच आवळलेस ना?"

"आवळले ना." मग थोडं थांबून, "आवळलेच असतील."

"बघ मग."

"बगू कसा? चाकाला कापडं घातलीत तुमी. वैद्यानं नाडी बगायची ती सदऱ्यावरनं?"

"मग काढ ती परात."

"काढतो की. टॉमी आना."

टॉमी ओटीवर पाटावर होता. मामा फाटकातून आत गेले. मामी त्यांच्याआधी उतरून ओटीच्या पायरीवर उभ्या होत्या.

"अहो, हात लावू नका."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"पोटुशी पोर आणायला निघालात. आणि आजच्या दिवशी पूजेतलं लोखंड उचलता?"

"अगं, चाक निखळलं तर पोर येणार कशी?"

"ते तुम्ही पराती घालायच्या आधी बघायचं."

मामांनी आधारासाठी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, "बाईंचं बराबर हाय शेट. मी तं हात नाय लावनार. आमच्या मानपाड्यान एकानी नवमीला कोयता उचलला, अंगठा गेला."

"कोयत्यानं अंगठा जातोच. नवमी असो नाहीतर संक्रांत."

हे मामा बोलले, पण टॉमीला हात त्यांनीही लावला नाही. ज्या बाईचा जीव मुलीला आणण्यात अडकला होता, तीच आडवी उभी होती. आणि चाक बोलतंय असं सांगणारा माणूसच चाकाला हात लावायला तयार नव्हता. अशा वेळी डोंबिवलीत जे होतं ते झालं. चर्चा झाली.

शेजारी एक सेवानिवृत्त मास्तर राहत. ते धोतराचा सोगा सावरत आले आणि त्यांनी प्रश्नाचे भाग पाडले. हत्यार वर्ज्य, हे खरं. पण हत्यार कशाला म्हणायचं? ज्याची पूजा झाली ते. ज्याची झाली नाही, ते केवळ भांडं. "विळीची पूजा झाली?" झाली. "उलथण्याची?" नाही. "मग उलथणं आणा."

उलथणं आणलं. मामांनी ते परातीच्या कडेत घालून दाबलं. परात जागेवर राहिली. उलथणं वाकलं.

"पळी?" मास्तर म्हणाले.

"पळी नाही मिळायची," मामी म्हणाल्या. "तीही वाकली तर मी आमटी कशानं वाढू?"

मग लाटणं, मग खलबत्त्यातला दांडा, मग मास्तरांच्या घरची खोबऱ्याची किसणी. किसणीवर वाद झाला, कारण तिला दात असतात आणि दात असलेली वस्तू शस्त्रात मोडते की नाही यावर मास्तरांच्या पत्नीचं मत मास्तरांपेक्षा कडक होतं. आळीतल्या सर्वांनी एकेक वस्तू सुचवली. परातीनं सर्वांना सारखं वागवलं. एवढं झाल्यावर मामा म्हणाले, "हळू जाऊ," आणि गाडीत बसले.

मानपाड्यावरून शिळ, तिथून मुंब्रा, कळवा आणि खाडीवरचा पूल, असा ठाण्याचा रस्ता होता. रस्ता म्हणायची पद्धत होती. खराब तुकडा आला की मला खाली उतरवण्यात येई. "तू बातमीदार ना?" मामा खिडकीतून म्हणाले. "मग चाकाबरोबर चाल आणि ते काय बोलतंय ते कान देऊन ऐक." मी चाललो. चाक तेच ते बोलत होतं. नंतरच्या नोकरीत मी ज्यांची भाषणं टिपून घेतली, त्यांच्यापैकी अनेकांपेक्षा ते मुद्द्याला धरून होतं.

शिळच्या अलीकडे भाताचा पेंढा घेतलेली एक बैलगाडी आमच्या मागून आली आणि पुढं गेली. गाडीवानानं पितळी कमळं पाहिली, हार पाहिला, पडदे पाहिले आणि बैल न थांबवता हात जोडले. "कंच्या देवाची गाडी हो?"

"कळेल लवकरच," मामी आतून म्हणाल्या.

मुंब्र्याच्या वाटेवर एका मुसलमान मिस्त्रीचं दुकान होतं. त्याच्या हत्यारांना हळदकुंकू लागलेलं नसणार, हे मामांना तिथं पोचेपर्यंत सुचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं की आज कुणी गिऱ्हाईक गाडीला हात लावू देत नाही, म्हणून मिस्त्री सासुरवाडीला जेवायला गेला आहे. देशाची फाळणी झाली होती, खंडेनवमीची झाली नव्हती.

ठाण्यात पोचलो तेव्हा दिवस कलत होता. नौपाड्यातल्या त्या आळीत लोक दुपारपासून घरगाडीची वाट पाहत होते. ती दिसण्याआधी ऐकू आली. दारात उभी राहिली तेव्हा टाळ्या वाजवाव्यात की नाही, याबद्दल लोकांमध्ये एकमत नव्हतं.

व्याही सरकारी रस्तेखात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्य रस्ते बांधण्यात गेल्यामुळे त्यांचा वाहनांवर विश्वास नव्हता. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि पुढच्या उजव्या चाकाशी थांबले.

"व्याहीबुवा, आवाज कसला?"

"नवी गाडी आहे. जरा बोलते," मामा म्हणाले.

"नट?"

"आवळलेले आहेत."

"दिसत नाहीत."

"शोभेसाठी झाकलेत."

व्याह्यांनी परातीवर टिचकी मारली. "शोभा छान आहे. पण नट दिसल्याशिवाय सून या चाकांवर बसायची नाही. परात काढा."

"तुमच्याकडे टॉमी असेल?"

"आहे. पहारही आहे." मग त्यांनी नाइलाजानं घरात बोट दाखवलं. "पूजेत आहे."

दोन्ही घरं एकाच धर्माची, एकाच जातीची, एकाच पंचांगाची असण्याचे फायदे लग्न जमवताना खूप सांगितले गेले होते. तोटा त्या संध्याकाळी दिसला.

मामेबहीण दारात उभी होती. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. पिशवीला गाठ मारून किती वेळ झाला होता कोण जाणे. गाठ घट्ट करून करून तिचं टोक मळलं होतं. ती आईकडे पाहत राहिली. मी त्या दिवशी पाहिलेल्या सगळ्या तमाशात गंमत नसलेली तेवढी एकच गोष्ट होती.

"उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की पराती काढू आणि निघू," मामा म्हणाले.

"उद्या आठवा लागतो," विहीणबाई म्हणाल्या. "आठव्यात मी उंबऱ्याबाहेर पाठवणार नाही. आणि नवव्यात तर मुळीच नाही. माझं आधीपासूनचं म्हणणं तेच होतं. राहू दे इथंच."

मुलीनं पिशवी खाली ठेवली. ते पाहून मामी पुढं झाल्या. दुपारपासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यांना विचार करायला वेळ मिळाला होता.

"विहीणबाई, उंबरा आज ओलांडला तर चालेल?"

"आज सातवाच आहे. पण जाणार कुठं? गाडी तर हलत नाही."

"हलायला कशाला हवी? ही घरगाडी आहे. आत देव आहेत, चूल आहे, अंथरूण आहे. हे आमचं घर आहे. ती आज उंबरा ओलांडून यात चढली, की माहेरी आली."

विहीणबाई कडक होत्या, पण नियमानं कडक होत्या, आणि नियमात बसणारी गोष्ट त्यांना नाकारता येत नसे. त्यांनी घराकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मध्ये गटारावरची एक फरशी होती.

"ओटी भरावी लागेल," त्या म्हणाल्या.

खण आला, नारळ आला, तांदूळ आले. मुलगी सासूच्या पाया पडली, पिशवी उचलली, फरशी ओलांडली आणि लाकडी पायऱ्या चढून माहेरी गेली. आळीतल्या दोघी-तिघींनी डोळे पुसले. पाठवणी ती पाठवणी. अंतराला कोण विचारतं.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली आणि व्याह्यांनी आपली चपटी पहार बाहेर आणली. ड्रायव्हर रात्रीपुरता कळव्याला नातलगाकडे गेला होता, तो आला. त्यानं पहार परातीच्या कडेत घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला.

"दबेल!" मामा ओरडले.

"मंग नट बगायचे का परात ऱ्हायला हवी, येक काय ते ठरवा."

व्याह्यांनी सूत्रं हातात घेतली. एकाच जागी जोर लावला तर पितळ वाकतं. खोबरेल तेलाच्या डब्याचं झाकण उघडतात तसं चारी बाजूंनी थोडं थोडं उचलावं लागतं. खाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, पहार त्यावर टेकवायची, कड केसभर वर आली की पुढच्या जागी जायचं. ही पद्धत त्यांनी समजावून सांगितली आणि अंगठ्यावर ठोकळा पाडून घेतला. पुन्हा मामा, पुन्हा ड्रायव्हर. एक फेरी, दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला परात इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी सुटली, आळीतून घरंगळत गेली आणि एका कुत्र्याला पळवून गटारात आडवी झाली. तिचा आवाज पार तलावपाळीपर्यंत गेला असावा.

सगळे वाकले. नट सगळे जागेवर होते. ड्रायव्हरनं एकेकावर हातोडी मारून पाहिली, मग पाना लावून पाहिला. एकही तसूभर हलला नाही.

व्याह्यांनी गटारातली परात उचलून उलटी केली. आतल्या बाजूला नटांनी ठोकून ठोकून एक वर्तुळ उमटवलं होतं. तांबटानं कमळाला उठाव यावा म्हणून मधला भाग आत दाबला होता, या परातीत जरा जास्तच. चाक फिरलं की कमळाचा देठ नटांवर आपटत होता. आदल्या दिवशी दुपारपासून दोन गावं, दोन घरं आणि एक बाळंतपण ज्या आवाजानं अडवून धरलं, तो त्या शोभेचाच होता.

"म्हंजे नट नाय बोलत होते," ड्रायव्हर म्हणाला. "परातच बोलत होती."

"रिकामी परात बोलतेच," व्याही म्हणाले. त्यांनी मामांकडे पाहिलं नाही. ते सौजन्य होतं.

उरलेल्या तीन परातीही काढल्या. सरावानं काम सोपं झालं. गाडी आळीतून एक चक्कर मारून आली, अजिबात आवाज न करता. मामांनी हात चोळले. "चला, बसा. जेवायला डोंबिवलीत."

"आठवा लागला," विहीणबाई म्हणाल्या.

"पण ती तर माहेरी आलेली आहे!"

"माहेरी आली, तर आता माहेरीच राहील. हलायची नाही."

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं."

"मग निदान घरात तरी जाऊ दे तिला. व्यवस्थित राहील."

यावर दोघी विहिणी एकदम बोलल्या, आणि तेव्हापासून मामांचा पक्ष कायमचा अल्पमतात गेला. ओटी भरून पाठवलेली सून बाळंत न होता परत उंबरा ओलांडत नाही. म्हणजे पुढं जाता येत नाही, मागं येता येत नाही. मुलगी आठवा महिना संपेपर्यंत जिथं आहे तिथंच राहणार: आपल्या सासरच्या दारात, आपल्या माहेरी.

तशी ती राहिली. मामी तिच्याबरोबर राहिल्या. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरी आईबापांनी जेवायचं नसतं, पण मामी तिच्या घरी नव्हत्याच, स्वतःच्या घरी होत्या. त्या स्टोव्हवर स्वयंपाक करत, टाकीचं पाणी वापरत आणि फरशीपलीकडून आलेली भाजी शेजाऱ्यांनी द्यावी तशी घेत. न्हाणीपुरता वळसा घालून मागच्या दारानं जायचं, असा तोडगा निघाला. मागच्या दाराला उंबरा नव्हता. एक सरकारी माणूस चौकशीला आला. हे वाहन असेल तर रस्त्यातून हलवा, बांधकाम असेल तर परवानगी दाखवा, असं त्याचं म्हणणं होतं. विहीणबाईंनी त्याला ओटीची हकिकत पहिल्यापासून सांगितली. तो पुन्हा आला नाही.

मामा परातींचं गाठोडं घेऊन डोंबिवलीला आले. महिनाभर त्यांच्या आणि माझ्या हातचं आम्ही दोघं जेवलो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रविवारी मी ठाण्याला जाई. विहीणबाई पहिल्या आठवड्यात फरशीवर उभ्या राहून चौकशी करत. दुसऱ्या आठवड्यात पायरीवर बसल्या. तिसऱ्या रविवारी मी गेलो तर त्या आत पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. मामी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावत होत्या, आणि मामेबहीण दोघींना हसत होती. घरातून व्याह्यांनी हाक मारली. विहीणबाईंनी पडदा ओढून घेतला. "सांग त्यांना, मी माहेरी गेलेय."

नववा लागला. आता मामींनी विचारलंच नाही. विहीणबाईंनीच जोशी बोलावून दिवस काढला. नवव्यात धोका पत्करणार नाही हे आपण म्हटलं होतं, याची त्यांना कुणी आठवण करून दिली नाही.

त्या सकाळी मामा मला घेऊन ठाण्याला आले. खांद्यावर गाठोडं होतं. पराती चिंच लावून घासल्या होत्या. त्यांनी तांबटाकडून कमळांचे देठ आतून बाहेर ठोकून घेतले होते. आता एकही नटाला लागणार नाही, अशी ते हमी देत होते. येताना ज्या शोभेनं आलो तिच्याशिवाय परत कसं जायचं? आळी काय म्हणेल?

गाडीच्या दारात मामेबहीण येऊन उभी राहिली, एक हात कमरेवर, एक चौकटीवर. सगळ्या प्रकरणात ती मोठ्यानं बोलली असेल तर तेवढंच.

"बाबा, मोगरी खाली ठेवा. त्यातली एक जरी चाकावर चढली, तर मी इथंच बाळंत होते."

मामांनी मोगरी खाली ठेवली. ड्रायव्हरनं ती उचलून आपल्या सीटखाली घातली, आणि शेट पुन्हा मागणार नाहीत याची खात्री करण्यासाठी तिच्यावर पाय ठेवला.

गाडी निघाली. विहीणबाई शेवटच्या क्षणी हातात वळकटी घेऊन चढल्या. बाळंतपण माहेरी व्हायचं, इतकंच शास्त्रात आहे, सासूनं येऊ नये असं कुठं आहे, असं त्यांनी व्याह्यांना पायरीवरून विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. उघडी, काळी, ग्रीस लागलेली चाकं खाडीचा पूल ओलांडून गेली. मला एकदाही खाली उतरावं लागलं नाही.

डोंबिवलीत मामींनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला आत नेलं आणि माजघरात अंथरूण घातलं. ती कुशीवर वळून लगेच झोपली. मामी तिच्या पाठीशी बसल्या आणि पाठीवरून हात फिरवू लागल्या. मास्तर चौकशीला आले, मामा त्यांना प्रवासाची हकिकत सांगायला लागले. मामींनी मान न वळवता दुसरा हात उचलून दोघांना गप्प केलं.